पाळीचं जळण

चिमणीच्या आतली काजळी कापसाच्या बोळ्याने पुसून बाटलीत भरून नेणारी बाई रघूने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. तिचं नाव नेत्रा. मोहिउद्दीनशेठचं चादरीचं कापड युरोपातल्या ज्या कंपनीला जायचं होतं, तिने मुंबईतून तिला तपासणीसाठी नेमलं होतं. ती बाटली घेऊन गेली, आणि पंधरवड्याने परत आली तेव्हा तिने समोर ठेवलेल्या चहाला हातही लावला नाही.

"शेठ, तुमच्या बॉयलरमध्ये प्लास्टिक जळतंय."

भिवंडीत लूमचा आवाज भिंतीतूनही येतो, त्यामुळे मोहिउद्दीनने आधी न ऐकल्यासारखं केलं. त्याचा सायझिंगचा कारखाना होता. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाफेवर सुकवावं लागतं, नाहीतर धागा टिकत नाही. ही वाफ करायचं काम रघूचं. अंजूरचा रघू तरुणपणी या बॉयलरपाशी आला आणि आता त्याच्या भुवयाही आगीने तांबूस झाल्या होत्या. त्याला मुद्दाम आत बोलावून घेतलं होतं. तो खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसत दारातच उभा होता.

"मॅडम, पूर्वी आम्हीही चिंध्या, कचरा जाळलाय. खोटं कशाला बोलू?" मोहिउद्दीन म्हणाला. "पण तुमच्या ऑर्डरची बोलणी सुरू झाली तेव्हापासून नुसते भुशाचे ठोकळे घेतो. दुसरं काही आत जात नाही."

"काजळी तसं म्हणत नाही."

"काजळी बोलते, आम्ही बोललो तर खोटं?" शेठचा मुलगा खालिद मध्येच बोलला. तो कॉमर्स शिकलेला, परदेशी लोकांशी फोनवर तोच बोलायचा. "मॅडम, साफ बोलू का? हा बहाणा आहे. आधी म्हणाले धागा चांगला द्या, दिला. मग म्हणाले रंगाचं पाणी गटारात नको, आपण रंगवतच नाही. आता धूर! आमचा माल स्वस्त पडतो हे त्यांना खुपतं. पर्यावरणाच्या नावाखाली दार बंद करायचं, बस."

नेत्रा रागावली नाही. "बहाणाही असतो कधीकधी," ती म्हणाली. "जागतिक व्यापाराचा नियम असा आहे की माणसांचं, जनावरांचं, झाडाझुडपांचं आरोग्य राखायला कुठलाही देश माल अडवू शकतो. पण घरच्या मालाला एक न्याय आणि बाहेरच्या मालाला दुसरा, असं चालत नाही. आणि नुसतं निमित्त म्हणून तर नाहीच नाही."

"निमित्त आहे की खरं आहे, ते ठरवतं कोण?"

"वाद गेला तर पंच बसतात. जिनिव्हात."

"भिवंडीहून शेअर रिक्षा आहे काय तिकडे?"

"असती तरी उपयोग नव्हता," नेत्रा पहिल्यांदाच हसली. "वरच्या कोर्टातल्या खुर्च्या काही वर्षं रिकाम्याच आहेत. अपील केलं तर ते हवेत राहतं. आणि तुमच्याकडे मला सरकारने पाठवलेलं नाही, गिऱ्हाइकाने पाठवलंय. गिऱ्हाइकाला पंच लागत नाही."

मग ती उठता उठता जे बोलली, ते रघूच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

"सोमवारी येते. तोवर चिमणी धुऊन घ्या. ठोकळे खरंच भुशाचे असतील, तर आत कोणीतरी दुसरंच काही टाकतंय. नवी काजळी स्वच्छ निघाली, तर चूक कामगाराची होती आणि सुधारली, असं मी लिहीन. ऑर्डर वाचेल."

खोलीत कामगार एकच होता. बाप, लेक आणि मॅडम, तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि तिघांनीही लगेच नजर काढून घेतली. पाहिल्याचं दुःख नव्हतं. काढून घेतल्याचं झालं.

ती गेल्यावर मोहिउद्दीन म्हणाला, "रघू, तू काही बोलला नाहीस."

"मना कुनी इचारलंच न्हाय, शेठ."

"आता विचारतो. तू टाकलंस?"

"न्हाय."

"बरं," मोहिउद्दीन म्हणाला. पण त्याच दुपारी त्याने ऑफिसातली खुर्ची उचलून बॉयलरसमोर आणून ठेवली आणि तिथे बसू लागला. हातात तसबीह. मणी सरकत राहायचे, नजर मात्र भट्टीच्या दारावरून हलायची नाही. ठोकळ्यांच्या गोणी खालिद स्वतः आणवून घेऊ लागला. इतकी वर्षं एका डब्यातलं खाल्लेली माणसं, पण त्या दिवसापासून शेठने रघूला "डबा आणलास का" असं विचारलं नाही.

रघू तरी कुठला साधू? संशय एकाच्या मनात राहत नाही, साथीला दुसऱ्याचं मन धरतो. ठोकळे भुशाचे आहेत हे तर पक्कंच, कारण ते त्याचा जावई हरेश बनवत होता. अंजूरला रघूच्याच शेतात पत्र्याची शेड टाकून हरेशने मशीन बसवली होती. मग आत टाकतो कोण? रघू रात्रपाळीला नसतो. खालिद असतो. खालिदला पैसा वाचवायची घाई. बुधवारी संध्याकाळी खालिद एक गोणी खांद्यावर मारून मागच्या गल्लीत गेलेला रघूने पाहिला. गोणी तिथेच टाकून तो फोनवर बोलत पुढे गेला. रघूने इकडेतिकडे बघून गोणीचं तोंड सोडलं. आत जुने, टवके उडालेले मागाचे लाकडी धोटे.

"काय शोधताय, काका?"

खालिद मागेच उभा होता.

"काय न्हाय. गोनी सुटलेली, बांधत व्हतो."

"हां. मीपण परवा तुमची पिशवी बांधत होतो," खालिद म्हणाला. "तिच्यात टाळ निघाले."

दोघंही हसले नाहीत. रघूला वाटलं, हा माझी पिशवी उघडतो म्हणजे याच्या मनात काळं आहे. खालिदला काय वाटलं ते त्याचं त्याला ठाऊक.

टाळ पिशवीत होते, कारण अंजूरला सप्ताह चालू होता. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोदामं, आणि मधे उरलेल्या मोकळ्या जागेत मारुतीचं देऊळ. भाताची शेतं होती तिथे आता कंटेनर उलटे फिरतात. पण सप्ताहातला महाप्रसाद गॅसवर शिजवायचा नाही, हा गावाचा हट्ट अजून शाबूत आहे. रोज एकेका घराची जळणाची पाळी. ज्याची पाळी त्याने चुलीला पुरेल एवढं जळण घरून द्यायचं, विकतचं चालत नाही, स्वतःच्या जागेतलं पाहिजे. पूर्वी बांधावरची बाभूळ, आंब्याची वाळकी फांदी, काहीही निघायचं. आता बांधच राहिले नाहीत. पण पाळी काही चुकत नाही. कुणी जुनी माडी पाडून वासे देतो, कुणी खाट मोडतो. यंदा काल्याच्या दिवसाची, म्हणजे शेवटल्या मोठ्या प्रसादाची पाळी रघूच्या घरावर आली होती.

"मामा, तुम्ही चिंता करू नका," हरेशने आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. "आपल्याच शेतात आपलेच ठोकळे होतात. टेम्पोभर टाकतो देवळापाशी. धूर न्हाय, फुंका मारायच्या न्हाय."

गावाला ते पटलं. शेत रघूचं, जावई रघूचा, ठोकळा त्याच जागेतला. पाळीचा नियम मोडत नव्हता.

काला शुक्रवारी आला. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, बॉयलर थंड असतो, म्हणून रघूला सकाळच्या कीर्तनाला टाळ धरून उभं राहता आलं. दिघाशीचे महादूबुवा कीर्तनाला होते. आवाज थोडा बसका, पण एकदा चाल लागली की माणूस खुर्चीवरून जमिनीवर कधी उतरला ते त्यालाच कळत नाही. मृदंगावर थाप पडली, वीणेकऱ्याने डोळे मिटले, आणि बुवा काल्यावर आले.

"गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, मायबापहो! कुणाची भाकर, कुणाचा दहीभात, कुणाची नुसती मिरची. देवाने सगळं एका पानावर एक केलं. कुणाचं कोणतं, हे देवाने विचारलं का? नाही विचारलं! कारण आणणारा कोण हे देवाला ठाऊक होतं. ज्याने प्रेमाने बांधून आणलं, त्याची मिरचीही गोड. तुम्ही म्हणाल, बुवा, आम्हीही सगळं मिसळतो. अहो, दुधात पाणी मिसळता, तो काला नव्हे!"

मंडप हसला. रघूही हसला. इतक्या दिवसांनी छातीतला काटा जरा सैल झाला. तेवढ्यात मंडपाच्या कडेला त्याची बायको मैना उभी दिसली. पदराने नाक धरलेलं, आणि दुसऱ्या हाताने ये म्हणून खुणावत होती. चालू कीर्तनात टाळकऱ्याने रांग सोडायची नसते. मैनाला ते त्याच्यापेक्षा जास्त माहीत. तरी ती बोलावते आहे म्हटल्यावर रघूने टाळ शेजारच्याच्या हातात दिले आणि वाकून बाहेर आला.

देवळामागे तीन चुली होत्या. मैनाने तिन्ही टोप खाली उतरवून ठेवले होते. डाळ अर्धी कच्ची. बायका लांब सरकून खोकत होत्या.

"ह्ये बग," ती म्हणाली. "लाकूड जळतं तवा त्याचा इस्तू व्हतो. ह्ये तर गळतंय."

रघू उकिडवा बसला. ठोकळ्याच्या टोकाला ज्योत होती, आणि ज्योतीतून पेटते थेंब खाली पडत होते. टिप, टिप. पडताना बारीक फुरफुर करत होते. वर काळा, दोऱ्यासारखा बारीक धूर. एवढी वर्षं तो आगीशी बोलत आला, पण बॉयलरची भट्टी बंद असते. दार उघडायचं, फेकायचं, लोटायचं. आतल्या लालभडक कल्लोळात कोण जळतं आणि कोण वितळतं हे दिसत नाही. इथे उघड्या चुलीत ते लहान पोरालाही दिसलं असतं.

त्याने एक ठोकळा दगडावर आपटून फोडला. भुसा होताच. आणि भुशात निळे, पांढरे, चकचकीत कण, तांदळात कणी असावी तसे.

"मी ह्यावर देवाचं शिजवनार न्हाय," मैना म्हणाली. "भले उपाशी उठू देत."

गाव उपाशी उठलं नाही. कुणी घराच्या पडवीचे वासे आणले, कुणी झावळ्या, एका म्हातारीने आपला जुना पाळणा दिला. प्रसाद उशिरा झाला, पण झाला. पंगतीत मात्र बोलणी चालली होती. "रघूच्या जावयाने मारुतीला टायरचा धूप दाखवला रे!" "आता आरतीला ग्रीस लावा!" हरेश पंगतीत वाढत होता. तो मान वर न करता पुढच्या पानाकडे सरकत होता.

रघूने त्याला शेडपाशी नेलं. "भुसा कुठून आनतोस?"

"मामा, तुम्ही पण?"

"कुठून?"

"कागदाच्या मिलवाल्याकडून. तयार येतो, दळलेला. करवतीचा भुसा म्हणून घेतो मी."

"मिलमधी करवत कुटं असते रं?"

 हरेश खाली बसला आणि त्याने थोडं थोडं करून सांगितलं. मिलमध्ये रद्दी येते ती परदेशातून, मोठमोठ्या गठ्ठ्यांत. बोटीवर चढताना तिचं नाव कागद. उतरतानाही कागद. पण गठ्ठा फोडला की आत दुधाच्या पिशव्या, खाऊची वेष्टणं, बाटल्यांची झाकणं, तिकडच्या घरातला सगळा केर. कागद लगद्यात जातो. उरलेलं मिलला नको असतं. कोणीतरी ते दळून भुशात मिसळतो आणि भुसा म्हणून पुढे विकतो. हे सगळं त्याला मिलच्या एका हमालाने एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"मग तुला ठावं व्हतं."

"त्याचं ते बोलनं मी हसन्यावारी नेलं, मामा. आपल्या भुश्यात तसलं असंल, असं वाटलंच न्हाय. स्वस्त मिळतोय, लवकर पेटतोय. मी इचारलं न्हाय." हरेशने वर पाहिलं. "ठावं असतं तर काल्याला पाठवलं असतं का?"

 गठ्ठा बांधणाऱ्याने विचारलं नाही, बोटवाल्याने विचारलं नाही, बंदरावर नाव वाचलं आणि सोडलं. मिलने विचारलं नाही, हरेशने नाही, आणि भट्टीत लोटणाऱ्या रघूनेही नाही. सगळ्यांचं मिसळून एक झालं होतं, फक्त प्रेमाने बांधून आणणारा कुणी नव्हता.

तो दोन ठोकळे पिशवीत घालून निघाला तेव्हा मैना दारात आडवी आली. मघाशी चुलीपाशी वाघीण झालेली हीच बाई.

"शेठला सांगाया चाललास?"

"न सांगून कसं चालंल?"

"परसाद वाचला, झालं. आता पोरीचा संसार वाचव. शेठने ठोकळे बंद केले का बाकीचे सायझिंगवाले पन बंद करतील. आपल्या मेघालीने काय खावं?"

"आनि मी? मी सोमवारनंतर चोर म्हनून मिरवू?"

मैना बाजूला झाली नाही. रघूच तिच्या बाजूने वळून गेला, आणि रिक्षात बसल्यावरही त्याला वाटत राहिलं की ती अजून दारातच आहे.

मोहिउद्दीन जुम्म्याची नमाज पढून घरी आला होता. रघूने अंगणात ठोकळे ठेवले आणि जे घडलं ते सांगितलं. एकदाही न थांबता, कारण थांबला असता तर पुढचं बोलणं झालं नसतं.

खालिदने टाळी वाजवली. "वा, काका! म्हणजे माल जावयाचा, भट्टी सासऱ्याची. आणि आम्ही इथे एकमेकांच्या गोण्या सोडतोय. अब्बा, समजलं का? दोघांनी मिळून आपल्याला भुसा म्हणून कचरा विकला. आता पकडले जाणार म्हटल्यावर धावत आले."

हेच होणार होतं. रघूला रिक्षात बसतानाच माहीत होतं. खरं सांगितल्याने माणूस सुटतो असं कीर्तनात ऐकलं होतं. इथे तर खऱ्याने गाठ आणखी आवळली होती.

 मोहिउद्दीनने तीन विटा मांडल्या, खाली कागद पेटवला, वर ठोकळा ठेवला आणि त्याच्यासमोर बसला. थेंब पडू लागले. 

"हे हरेशने प्रसादाला पाठवलं? सगळ्या गावासमोर?"

"व्हय. आमची पाळी व्हती."

"खालिद, दर्ग्यावर नियाजचं जेवण शिजतं, त्या डेगखाली तू काय जाळशील?"

"लाकूड. आणखी काय?"

"लूममधल्या चिंध्या का नाही? फुकट आहेत."

"अब्बा, नियाजच्या डेगखाली?"

"तेच म्हणतो." मोहिउद्दीन गुडघ्यावर हात देऊन उठला. "त्या पोराला माहीत असतं, तर त्याने त्या दिवसापुरतं कुठूनही लाकूड आणलं असतं. मला फसवील, तुला फसवील. पण माणूस आपला खोटा माल देवाच्या दारात उघड्यावर पेटवून दाखवत नाही. तो गाफील आहे, चोर नाही. आणि हा," त्याने रघूकडे न बघता बोट केलं, "ह्यालाही हे आज चुलीपाशीच कळलं."

रघूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खालिदचं डोकं हिशेबी होतं, आणि त्याचं म्हणणं वेडंही नव्हतं.

"ठीक. मानलं. मग सोपं आहे की. ठोकळे आजपासून बंद. चिमणी धुवून घेऊ, सोमवारपर्यंत लाकूड जाळू. काजळी साफ निघेल. मॅडम म्हणालीच आहे, ऑर्डर वाचेल. तिला हे सगळं सांगायचं कशाला?"

"तिने असं पन म्हटलंय का चूक कामगाराची व्हती," रघू म्हणाला.

"काका, ते कुठे लिहिलं जाणार? युरोपात. तुमचं नाव वाचायला तिथे कोण बसलंय?"

"कुनी नसंल. मना पन वाचता येनार न्हाय. पन हितं बॉयलरपाशी मी उभा असनार, अन् तुला ठावं असनार का ते लिवलंय."

खालिदने बापाकडे पाहिलं. मोहिउद्दीन विटांमधला ठोकळा पाणी मारून विझवत होता. "सोमवारी बघू," एवढंच म्हणाला.

चिमणी धुतली, शनिवार-रविवार लाकूड जळलं. ओली कुरकुर करणारी लाकडं, वाफ कमी, लूमवाल्यांची खळ लावलेल्या ताण्याच्या बीमसाठी ओरड. शेठची खुर्ची हलली नव्हती. आता तो भट्टीवर नजर ठेवत होता की रघूवर, कळत नव्हतं. रघूच्या मनात आणखी वाईट विचार येत होता. शेठने मला खरा मानला, बरोबर. पण खरा मानूनही विकता येतं. भट्टीवरच्या एका म्हाताऱ्या फायरमनचं नाव आणि एवढ्या सगळ्या लूमची ऑर्डर, तराजूत कोण कुणाला घालेल? त्याच्या जागी तो स्वतः असता तर? हे उत्तर त्याने मनातही दिलं नाही.

सोमवारी नेत्रा आली. चिमणीत बोळा फिरवला, उजेडाला धरला.

"बाटलीत घालायचीही गरज नाही," ती म्हणाली. "डोळ्यालाच फरक दिसतोय. म्हणजे ठोकळे ठीक होते, चूक माणसाचीच."

खालिदने खाली पाहिलं. रघूने लाकडाचं एक ढलपं उचललं आणि ते आत लोटायचं सोडून तसाच हातात धरून राहिला.

"मॅडम, हे शब्द काढा," मोहिउद्दीन म्हणाला.

"कोणते?"

"चूक माणसाची. आम्ही तीन दिवस लाकूड जाळतोय, म्हणून बोळा साफ आहे. तुमची पहिली काजळी ठोकळ्याची होती. या." आणि त्याने तिच्यासमोरच ठोकळा विटांवर ठेवून पेटवला. थेंब गळू लागले तशी नेत्रा दोन पावलं मागे सरकली. मोहिउद्दीनने तिला सगळं सांगितलं, कागदाच्या गठ्ठ्यांपासून काल्याच्या चुलीपर्यंत. हरेशचं नाव मात्र घेतलं नाही. "ठोकळेवाला" म्हणाला. रघूने ते ऐकलं.

"शेठ, तुम्हाला कळतंय ना?" नेत्रा हळू आवाजात म्हणाली. "माणसाची चूक असेल तर ती सुधारली म्हणता येतं. जळणच वाईट असेल, तर तुमचा पुरवठाच संशयात येतो. मला ऑर्डर थांबवा असं लिहावं लागेल."

"लिहा. पण एक सांगा. हा केर ज्यांच्या घरचा आहे, तेच लोक आमच्या चिमणीत बोळा घालतात. त्यांच्या गठ्ठ्यात कोण बोळा घालतं?"

नेत्राने हातातला बोळा खाली ठेवला. "कचरा म्हणून पाठवायचा तर आधी आपल्या सरकारची परवानगी लागते. रद्दी कागद म्हणून पाठवला तर तो माल. मालात थोडंफार इतर काही चालतं, असं धरलेलं असतं. ते थोडंफार कोण मोजतं, ते..." तिने हात उडवले. "तुमचं कापड तिकडे जातं, तेव्हा ते कसं बनलं हे ते विचारतात. त्यांचा माल इकडे येतो, तेव्हा आपण त्याचं फक्त नाव विचारतो."

"मग आपन पन गठ्ठ्याचं पोट फोडून बगायचं," रघू बोलून गेला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी कुणी नजर काढली नाही.

"हा ठोकळा मी नेते," नेत्रा म्हणाली. "ऑर्डर थांबेल. पण हा त्यांच्या टेबलावर ठेवायला सांगते. कुणी ठेवेल की नाही, मला खात्री नाही."

"मला तर अजिबात नाही," खालिद म्हणाला.

ती गेली. ऑर्डर थांबली. ती सुटेल की नाही, हे अजून कुणी कळवलेलं नाही. हरेशने मशीन बंद ठेवली आहे, आणि मैना नवऱ्याशी कामापुरतं बोलते.

मंगळवारी खालिदने मोटरसायकल काढली. "बसा, काका. दिघाशीच्या भातगिरणीत तूस मिळतं म्हणे. जळायला चांगलं."

"शेठने धाडलं?"

"अब्बा म्हणाले, एकट्याला जाऊ देऊ नकोस."

"मना का तुला?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

गिरणीत तुसाचा डोंगर होता. खालिदने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खालचं मूठभर बाहेर काढून उजेडात धरलं. रघूने दुसऱ्या बाजूने काढलं, हुंगलं, जिभेच्या टोकाला लावून थुंकलं. खालिदने त्याने हुंगलेलं पुन्हा हुंगलं. रघूने खालिदने काढलेलं पुन्हा चाळलं. गिरणीवाला कमरेवर हात ठेवून पाहत होता.

"तूस घ्यायला आलाव का पोरगी बघायला?" तो म्हणाला. "सकाळीच भरडलंय, माझ्यासमोर. माझ्यावर इस्वास न्हाय काय?"

"हाय," रघू म्हणाला, आणि त्याने खिशातून काडेपेटी काढली. "अंगनात चल. आधी उघड्यावर पेटवून दाव."